किल्ल्यातली कमल बस्ती

गोव्याला जाता-येता बेळगावात फक्त कुंदा घ्यायला थांबणाऱ्यांनो, पुढच्या खेपेला तासभर काढा आणि किल्ल्यात जाऊन या. आज पुण्याहून मावसबहीण आली होती, तिला घेऊन कमल बस्तीत गेले.

रट्टांचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज. त्यानं १२०४ मध्ये बांधलेलं हे जैन मंदिर. आत नेमिनाथ. खांब काळ्या दगडाचे आणि इतके गुळगुळीत घोटलेले की त्यांत समोरच्या उजेडाची तिरीप दिसते. मंडपाच्या मधोमध उभं राहून वर बघायचं. छतातून दगडाचं अख्खं कमळ खाली उतरलंय! पाकळ्या ७२ : भूत, वर्तमान आणि भविष्य, प्रत्येक काळाचे २४ तीर्थंकर. मान अवघडली तरी आम्हा दोघींची नजर हलेना. बहिणीनं फोटोसाठी फोन काढला आणि तसाच पर्समध्ये ठेवला. मला ते फार आवडलं. फोटो काढावेत की, पण आधी डोळे भरून बघावं.

आपल्या जिल्ह्यात काय नाही? संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, कुमार गंधर्व सुळेभावीचे. तरी कलेचं काही बघायचं म्हटलं की आम्ही पुण्या-मुंबईची तिकिटं काढतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता खानापूर तालुक्यातलं हलशी. कदंबांच्या काळातलं भूवराह-नरसिंह मंदिर, समोरासमोर दोन गाभारे. पुढच्या रविवारी सकाळी निघतोय. कुणाला यायचं असेल तर कळवा, गाडीत जागा आहे.