साधा तीळ, पण चिठ्ठीवर नाव वेगळंच

‘तीळच आहे म्हणालात, मग चिठ्ठीवर हे नीव्हस की काय ते कशाला लिहिलंत?’ त्वचेच्या दवाखान्यात हा प्रश्न ठरलेला. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

तिळाचंच दवाखान्यातलं नाव नीव्हस. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी एका जागी गोळा झाल्या की तो दिसतो. पण आपण दिसेल त्या काळ्या ठिपक्याला तीळ म्हणतो. वय वाढतं तसे गालांवर, डोळ्यांखाली बारीक काळे उंचवटे येतात. ‘आईलाही असेच तीळ होते,’ असं पेशंट सांगतात. आईचं खरं, तिळाचं नाही. ती त्वचेच्या वरच्या थराची निरुपद्रवी वाढ असते आणि बऱ्याचदा घराण्यात चालते. नाव मात्र भारदस्त, डर्मॅटोसिस पॅप्युलोसा नायग्रा! चामखिळीचाही असाच घोळ. मानेवर लोंबणारी मऊ गाठही चामखीळ आणि बोटावरची, विषाणूमुळे आलेली खरखरीत गाठही चामखीळ. दुसरी खरवडली तर पसरते.

वांग हा त्या मानानं नेमका शब्द. आयुर्वेदातलं व्यंग, आमचा मेलाझ्मा. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या ही नेहमीची कारणं. पण दुकानात जाऊन ‘वांगाची ट्यूब द्या’ म्हटलं, की अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं मलम हातात पडतं. आधी चेहरा उजळतो, म्हणून बायका ते महिनोन्महिने लावत राहतात. मग कातडी पातळ होते, उन्हात आग होते, नको तिथे लव उगवते. हे बघून मला खरंच राग येतो, पेशंटचा नव्हे. तीच ट्यूब लोक मानेवरच्या काळ्या, जाडसर पट्ट्यालाही लावतात. तो वांग नाही आणि मळही नाही, घासून जाणार नाही. बहुतेकदा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते. तिथे आधी रक्तातली साखर आणि वजन बघायचं.

आता तळपाय. तिथे तीळ असला की माणूस देशोदेशी फिरतो, असं आपल्याकडे म्हणतात. बहुतेक वेळा तो खरंच तीळ असतो. पण मेलॅनोमा हा कर्करोग सावळ्या त्वचेत क्वचित होतो आणि झाला तर बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977मध्ये तो सापडला. आधी फुटबॉलची दुखापत समजले होते. 1981मध्ये, 36व्या वर्षी तो गेला.

म्हणून तळपायावरचा डाग नवा असेल, वाढत असेल, त्याच्या कडा वेड्यावाकड्या असतील किंवा रंग एकसारखा नसेल, तर दाखवून घ्या. पार्लरमध्ये जाळून मात्र घेऊ नका. जाळल्यावर तपासायला तुकडाच उरत नाही.