चौदा वर्षांचा नंबर, सिस्टीममध्ये तीन वर्षांचा

२०११ साली नंबर पोर्ट करून, म्हणजे नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलून, मी सध्याच्या कंपनीत आले. त्याच वर्षी २० जानेवारीला पोर्टिंगची सोय देशभर सुरू झाली होती, आणि ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या घरात जुन्या कंपनीची रेंज फक्त खिडकीशी यायची. तेव्हापासून नंबर तोच, कंपनी तीच. आधी प्रीपेड होतं, २०२२ मध्ये पोस्टपेड केलं.

गेल्या वर्षी कंपनीच्या ॲपमध्ये एक जाहिरात दिसायला लागली: दहा वर्षांहून जुन्या पोस्टपेड ग्राहकांना ठरावीक फोनवर ४,००० रुपयांची सवलत. माझा फोन बदलायला आलाच होता. अपडेट यायचे केव्हाच थांबले होते आणि बँकेचं ॲप उघडायलाच तयार नव्हतं. म्हणून गोखले रोडवरच्या कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे दुकानात, गेले, टोकन घेतलं.

काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. एओएन, म्हणजे ग्राहक किती जुना ते, ३६ महिने.

"मॅडम, सिस्टीममध्ये तुम्ही तीन वर्षांच्याच दिसताय."

मी म्हटलं, अगं, हा नंबर तुमच्याकडे चौदा वर्षं आहे. तिने मनापासून शोधलं. प्रीपेडचं पोस्टपेड करताना नवीन खातं उघडलं गेलं होतं आणि सवलतीची अट त्या खात्याची तारीख बघत होती, नंबरची नाही. ती तारीख बदलायची सोय तिच्या हातात नव्हती. तिने चिठ्ठीवर 'ॲक्टिव्हेशन डेट करेक्शन' असं लिहून दिलं आणि म्हणाली, "१९८ ला करा, १२१ ला नको. आणि हेच शब्द सांगा." तिच्या या दोन वाक्यांचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. १२१ हा चौकशीचा नंबर. १९८ हा तक्रारीचा, तिथे डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळतो, आणि डॉकेट नंबर नसेल तर पुढे कुणी दाद देत नाही.

तक्रार नोंदवली. थोड्या दिवसांनी 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा मेसेज आला. ॲप उघडून पाहिलं, तारीख तीच.

इथे बहुतेक जण सोडून देतात. पण ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरची नियामक संस्था, तिच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीत तक्रारीच्या वर अपीलाची पायरी असते. ३० दिवसांच्या आत अपील करायचं, फी काही नाही, ईमेल चालतो. आपल्या सर्कलच्या, म्हणजे दूरसंचार विभागाच्या, अपील अधिकाऱ्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. ठाणे मुंबई सर्कलमध्ये येतं, तेव्हा महाराष्ट्र सर्कलच्या पत्त्यावर पाठवू नका.

पुरावा काय जोडायचा हा प्रश्न होता. २०११ चा एकही कागद माझ्याकडे नव्हता. जुन्या ईमेलमध्ये शोधता शोधता २०१३ पासूनच्या ऑनलाइन रिचार्जच्या पावत्या सापडल्या. त्यांवर माझा नंबर, तारीख आणि कंपनीचं नाव होतं. दहा वर्षांच्या अटीला तेवढं पुरेसं होतं. डॉकेट नंबर, गॅलरीतल्या स्क्रीनचा फोटो आणि पावत्या, एवढंच पाठवलं. मजकूर चार ओळींचा.

या काळात घरीदारी सगळे एकच सांगत होते: पोर्टचा मेसेज टाक, बघ कसे धावत येतात. १९०० वर मेसेज केला की आठ अक्षरांचा कोड येतो, आपल्याकडे तो चार दिवस चालतो, आणि नव्या कंपनीला दिला नाही तर काहीही बिघडत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी तो टाकला नाही. मला जायचंच नव्हतं. जाणाऱ्याला मनवायला सवलत काढायची आणि राहणाऱ्याला मोजायचंसुद्धा नाही, ही पद्धत मला मान्य नाही. ठरावीक ग्राहकांपुरत्या अशा सवलतींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि त्यांची माहिती ट्रायला द्या, असं न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये कंपन्यांना सांगितलं होतं. मला माझ्या नावावर असलेलं हवं होतं, तेवढंच.

अपीलानंतर कंपनीतून फोन आला. बोलणाऱ्या बाईंनी पावत्या खरंच वाचल्या होत्या. तारीख दुरुस्त झाली.

गॅलरीत परत गेल्यावर अटी वाचल्या. ४,००० रुपये किमतीतून कमी होत नाहीत. फोनचे पूर्ण १९,९९९ भरायचे आणि सवलत बारा महिन्यांच्या बिलांतून वजा होणार. मधेच कंपनी सोडली तर उरलेली बुडाली. मी वेळ मागून घेतला आणि राम मारुती रोडवरच्या, आमच्या नेहमीच्या दुकानात गेले. तोच फोन तिथे १८,९९९ ला, बँकेच्या कार्डावर १,५०० कमी, जुन्या फोनचे २,२०० एक्स्चेंजमध्ये. म्हणजे १५,२९९. गॅलरीत एक्स्चेंज नव्हतं. नुसता जुना फोन विकला तर दुकानदार १,४०० देत होते, म्हणजे गॅलरीतला हिशेब १४,५९९. फरक ७०० रुपयांचा, आणि तोही वर्षभर थांबून. ज्यांना निव्वळ पैसे वाचवायचेत त्यांनी सरळ दुकानात घ्यावा, असंच मी सांगेन. मी गॅलरीतून घेतला, कारण कंपनी बदलायचा माझा विचार नव्हता आणि एवढी खटपट करून मिळालेला हक्क मला सोडायचा नव्हता.

नवा फोन घेताना केवायएम, मग स्पेस देऊन आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक), असा मेसेज १४४२२ वर पाठवा. फोनची माहिती येते, ती डब्यावरच्याशी जुळवा. जुना देताना *#०६# दाबून त्याचा आयएमईआय लिहून ठेवा, गुगल खातं काढून मगच रिसेट करा, आणि दुकानदाराकडून आयएमईआय घातलेली पावती घ्या. उद्या त्या फोनचं काही बरंवाईट झालं तर तो तुमच्याकडे नव्हता हे ती पावतीच सांगेल.

पहिल्या बिलात सवलतीची ओळच नव्हती. पुन्हा १९८, पुन्हा डॉकेट. दुसऱ्या बिलात दोन महिन्यांचे मिळून ६६६ रुपये ६६ पैसे वजा झाले.