ताई, आमची गाडी सरळ जातच नाही!

मुलांसाठी घेतलेल्या रोबोटिक्सच्या वर्गात पहिल्याच दिवशी चारही गाड्या वाकड्या गेल्या. दोन डावीकडे, एक उजवीकडे, आणि चौथी तर जागच्या जागी गरगर फिरायला लागली. कोड चौघींमध्ये एकच होता, मीच दिलेला: दोन्ही मोटर पुढे, दोन सेकंद, मग थांब. "ताई, आमची गाडी खराब आहे, दुसरी द्या," असं म्हणत तीन गट एकदमच माझ्याकडे आले.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. तिथे तोच कोड चार मशीनवर चालवला तर चारही ठिकाणी तेच उत्तर येतं, आणि नाही आलं तर आपण अस्वस्थ होतो. घरी मी एकाच गाडीवर सगळं तपासून आले होते आणि ती गाडी सरळ जावी म्हणून आकडे आधीच जुळवून ठेवले होते. म्हणजे शिकण्यासारखी पहिली गोष्ट मी मुलांच्या हाती पडण्याआधीच उरकून टाकली होती. त्या संध्याकाळी ठरवलं, की यापुढे जुळवलेलं काही द्यायचं नाही.

मुलं बारा, वय अकरा ते चौदा, कुणीच आधी कोड लिहिलेला नव्हता. आठवड्यातून एकदा दोन तास, असे दहा आठवडे. गाडी नेहमीचीच, नवशिक्यांच्या संचात येते ती: अ‍ॅक्रिलिकची पट्टी, दोन पिवळ्या बीओ मोटर (बॅटरीवर चालणाऱ्या, गिअरच्या), ६५ मिलिमीटर व्यासाची दोन चाकं, पुढे एक मोकळं फिरणारं छोटं चाक, आर्डुइनो ऊनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), आणि मोटरसाठी एल२९८एन ड्रायव्हर (आर्डुइनोच्या इशाऱ्याप्रमाणे मोटरला वीज देणारा बोर्ड). रोबोटिक हाताचा संचही मिळत होता आणि तो दिसायला जास्त आकर्षक होता. तरी मी गाडीच घेतली, कारण हाताची चूक अर्ध्या सेंटिमीटरची असते, ती दाखवून द्यावी लागते. गाडीची चूक खोलीभर पसरते.

गरगर फिरणाऱ्या गाडीचं कोडं पाच मिनिटांत सुटलं. एका मोटरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. मी सांगितलं नाही, फक्त गाडी उचलून चाकं हवेत ठेवायला सांगितली. एक चाक पुढे, एक मागे, हे दिसताच त्यांनी स्वतःच तारा बदलल्या. उरलेल्या तीन गाड्यांचं कोडं मात्र तीन आठवडे पुरलं, आणि माझ्या मते संपूर्ण वर्गातला सगळ्यात मोलाचा भाग तोच होता.

त्याआधी बॅटरीचं सांगायला हवं, कारण जवळजवळ प्रत्येक नवखा शिक्षक तिथेच अडतो. माझ्या संचात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी होती. दिसायला सोयीची, व्होल्टेजही भरपूर. पण मोटर सुरू झाली की आर्डुइनो रीसेट व्हायचा, मोटर थांबायच्या, तो पुन्हा सुरू व्हायचा, मोटर पुन्हा झटका द्यायच्या. गाडी उचकी लागल्यासारखी चालायची. मुलांना वाटलं कोड चुकला, आणि त्यांनी बराच वेळ कोडच्या ओळी खाली-वर केल्या. खरं कारण असं, की थांबलेली मोटर सुरू होताना चालत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढते, आणि त्या छोट्या बॅटरीचा अंतर्गत रोध इतका, की तेवढ्या क्षणी तिचं व्होल्टेज कोसळतं. मल्टिमीटर बॅटरीला लावून मी मुलांना आकडा खाली पडताना दाखवला. मग मालिकेत जोडलेल्या दोन १८६५० लिथियम-आयन सेलवर गेलो. ते ७.४ व्होल्ट देतात, पूर्ण चार्ज असताना ८.४. एल२९८एन स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो, त्यामुळे ३ ते ६ व्होल्टच्या मोटरला बेताचंच मिळतं. हे सेल मी कधी मुलांच्या हाती मोकळे दिले नाहीत. खोक्यात बसवलेले, स्विच लावलेले, आणि चार्जिंग माझ्याच देखरेखीखाली. या बाबतीत मी अजिबात सैल पडणार नाही.

आता सरळ जाण्याकडे. जमिनीवर दोन मीटर लांब चिकटपट्टी लावली. प्रत्येक गटाने गाडी एका टोकाला ठेवायची, सोडायची, दुसऱ्या टोकाशी ती पट्टीपासून किती सेंटिमीटर बाजूला गेली ते मोजायचं. एकदा नव्हे, पाच वेळा. पाच आकडे सारखे येत नाहीत हे पाहून मुलं गोंधळली. "मग खरा कुठला?" असं एकाने विचारलं, आणि आम्ही सरासरी व विखुरण यावर कुठलाही मोठा शब्द न वापरता अर्धा तास बोललो.

मोटरचा वेग पीडब्ल्यूएमने, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून, ठरतो, ० ते २५५ मधला आकडा देऊन. डाव्या चाकाला २०० दिले आणि गाडी उजवीकडे ओढते, तर डावं चाक जास्त पळतंय, त्याचा आकडा कमी करा. एका गटाने १८८ वर येऊन गाडी सरळ नेली आणि जल्लोष केला. पुढच्या आठवड्यात तीच गाडी, तोच आकडा, आणि गाडी पुन्हा वाकडी. बॅटरी उतरली होती, आणि दोन मोटरच्या गिअरमधलं घर्षण वेगवेगळं असल्यामुळे व्होल्टेज घटलं की दोघींचा वेग सारखा घटत नाही. तो गट खट्टू झाला. मी मात्र मनातून खूश होते, कारण या वळणावर यायलाच तर हा खटाटोप होता. मी विचारलं, "डोळे मिटून चालताना तुम्ही सरळ चालता का? आणि उघडे ठेवून?" एका मुलीने लगेच सांगितलं, "गाडीला चाक किती फिरलं ते कळायला हवं."

मग एन्कोडर, म्हणजे चाकाचं फिरणं मोजणारा भाग, आला. बीओ मोटरच्या दुसऱ्या टोकाला २० फटींची चकती बसते, फटीतून प्रकाश आरपार गेला की एक मोजणी. ऊनोवर बाह्य इंटरप्टसाठी (इशारा येताच चालू काम थांबवून तो टिपण्यासाठी) पिना दोनच, २ आणि ३, आणि आपल्याला चाकंही दोनच, त्यामुळे बरोबर भागलं. चाकाचा परीघ सुमारे २०४ मिलिमीटर, भागिले २०, म्हणजे एका फटीला सुमारे १ सेंटिमीटर. हे गणित मुलांना इतकं आवडलं की पट्टी घेऊन त्यांनी प्रत्येक फट तपासली. ज्या चाकाची मोजणी पुढे गेली त्याचा वेग थोडा कमी, मागे पडलं त्याचा थोडा जास्त, एवढाच नियम. चार ओळींचा कोड. तो चालल्यावर एका मुलाने चालत्या गाडीचं एक चाक बोटाने हलकंच दाबलं, सोडलं, आणि गाडी स्वतःहून परत रांगेत आली. तो बराच वेळ तेच करत बसला. मी त्याला थांबवलं नाही.

वळणाचा दिवस मला वेगळ्या कारणाने लक्षात आहे. कोड लिहिण्याआधी मी मुलांनाच रोबोट केलं: एकाचे डोळे बांधायचे, दुसऱ्याने फक्त "पुढे इतकी पावलं" आणि "उजवीकडे इतके अंश" अशा आज्ञा द्यायच्या. कल्पना जुनीच आहे. सीमोर पेपर्ट, वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ साली मुलांसाठी लोगो ही भाषा घडवली, पुढे तिच्या आज्ञांवर जमिनीवर फिरणारं यांत्रिक कासव आलं, आणि कासव कुठे वळेल हे कळत नसेल तर स्वतः कासव होऊन चालून बघा, हा त्या पद्धतीचा गाभा. चौकोन चालताना मुलांना कळलं की वळणं चार आणि प्रत्येक ९० अंशांचं. मग गाडी. एक चाक पुढे, एक मागे, जागच्या जागी फिरायचं. किती फटी मोजायच्या? आमच्या गाडीत दोन चाकांमधलं अंतर १३ सेंटिमीटर होतं. वहीत आकडेमोड करणारी एक मुलगी अचानक म्हणाली, "ताई, १३ म्हणजे साडेसहाच्या दुप्पट!" चाकांमधलं अंतर चाकाच्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे गाडीच्या पूर्ण एका फेरीसाठी प्रत्येक चाकाचे बरोबर दोन फेरे, आणि ९० अंशांसाठी अर्धा फेरा, दहा फटी. पाय (π) कुठेच लागत नाही, तो छेदला जातो. हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. मी घरी कॅल्क्युलेटरवर पाय धरून तेच उत्तर काढलं होतं.

अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर शिकवणं सोपं गेलं. तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती मायक्रोसेकंद लागले ते सांगतो. ५८ ने भागा म्हणजे सेंटिमीटर मिळतात, हे बहुतेक ठिकाणी तयार दिलेलं असतं. मी दिलं नाही. १०, २०, ३० सेंटिमीटरवर पुठ्ठा धरून त्यांनी येणारे आकडे लिहिले आणि भागाकार करून ५८ च्या आसपास स्वतःच पोहोचले. मग आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, जाऊन-येऊन दुप्पट अंतर, असं मागे जात कारण शोधलं. पुठ्ठा तिरपा धरला की आकडे बिघडतात आणि जाड कापडासमोर सेन्सर गडबडतो, हेही त्यांनीच शोधलं. एक अडचण मात्र मला समजावावी लागली. कोडमध्ये एक सेकंदाचा डिले (नुसतं थांबण्याची आज्ञा) टाकला की तेवढा वेळ गाडी काहीच बघत नाही. सेकंदाला ४० सेंटिमीटर वेग असेल तर ती ४० सेंटिमीटर आंधळी पळते. भिंतीला धडकलेल्या गाडीशेजारी पट्टी ठेवून हे सांगितलं, तेव्हा पटलं.

काळी रेघ धरून चालण्याच्या प्रयोगात एक गंमत झाली. एका गटाने काळ्या स्केच पेनने झकास वळणदार रेघ काढली आणि रेघ ओळखणाऱ्या अवरक्त सेन्सरला ती दिसेचना. आपल्या डोळ्यांना काळी दिसणारी काही शाई अवरक्त प्रकाश शोषत नाही, त्या सेन्सरसाठी तो कागद कोराच असतो. काळी इन्सुलेशन टेप लावल्यावर काम झालं. पुढे आम्ही सेन्सरचं हो-नाही सोडून ० ते १०२३ मधलं अ‍ॅनालॉग मूल्य वाचलं आणि दोन सेन्सरमधल्या फरकाला एका आकड्याने गुणून तेवढं वळवलं. आकडा लहान असला की गाडी वळणावर रेघ सोडते, मोठा असला की थरथरते. मधला आकडा प्रत्येक गटाचा वेगळा निघाला, आणि यावेळी "आमची गाडी खराब आहे" असं कुणीही म्हणालं नाही.

माझी स्वतःची दोन रात्रींची झोप उडवणारी अडचण आठव्या आठवड्यात आली. अंतराचा सेन्सर डावीकडे-उजवीकडे फिरवता यावा म्हणून मी सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी) जोडली, आणि चाकांचा वेग आवरेनासा झाला. पूर्ण वेग चालायचा, थांबणं चालायचं, मधला कुठलाही वेग दिला की काही खरं नसायचं. मी तारा बदलल्या, ड्रायव्हर बदलला. शेवटी कळलं: ऊनोवर सर्व्होची लायब्ररी (तयार कोड) टायमर १ हे आतलं घड्याळ वापरते, त्यामुळे पिन ९ आणि १० वरचं पीडब्ल्यूएम बंद पडतं, आणि माझ्या वेगाच्या दोन्ही तारा नेमक्या तिथेच होत्या. त्या ५ आणि ६ वर नेल्या. वर्गात हे सगळं जसं घडलं तसं सांगितलं, काय काय चुकीचं गृहीत धरलं तेही. मुलं एरवीपेक्षा जास्त शांतपणे ऐकत होती.

एक गोष्ट मला उशिरा दिसली, तिची खंत आहे. तिघांच्या गटात कीबोर्ड कायम एकाच्याच हाती राहतो. एक मुलगी चार आठवडे फक्त तारा धरून उभी होती, आणि मला वाटत होतं तिला तेच आवडतं. पाचव्या आठवड्यापासून दर वीस मिनिटांनी कामं बदलायला लावली: एक कोडवर, एक गाडीवर, एक वहीवर. आता नव्याने वर्ग घेतला तर हे पहिल्या दिवसापासून करेन.

अडथळे टाळणारी गाडी फिरू लागली तशी मुलं "ही घाबरली", "ही चिडली" असं बोलू लागली. मी त्यांना मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांच्या एल्मर आणि एल्सीबद्दल सांगितलं. १९४८-४९ मध्ये ब्रिस्टलला बनवलेली ती तीनचाकी यंत्रं, प्रत्येकीत फक्त दोन व्हॅक्यूम ट्यूब, तरी प्रकाशाकडे जाणारी आणि अडलं की वाट बदलणारी. बघणाऱ्यांना तीही जिवंत वाटायची.

शेवटच्या दिवशी त्याच मुलीची गाडी, तारा धरणाऱ्या मुलीची, खोलीच्या कोपऱ्यात अडकली. जिकडे मोकळं जास्त तिकडे वळ, एवढाच तिचा नियम. डावीकडे वळली की उजवीकडे जास्त मोकळं दिसायचं, उजवीकडे वळली की डावीकडे. गाडी तिथेच डुलत राहिली. बाकीचे म्हणाले, उचल आणि बाहेर ठेव. ती शेजारी मांडी घालून बसली आणि वहीत एकाखाली एक लिहीत गेली: डावी, उजवी, डावी, उजवी. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, हिला मागचं काही आठवतच नाही." तिने एक व्हेरिएबल घेतलं, त्याला 'आठवण' असं नाव दिलं, त्यात शेवटचं वळण साठवलं आणि अट घातली: दोन सेकंदांच्या आत पुन्हा वळावं लागलं तर त्याच बाजूला वळायचं. गाडी डावीकडे वळली, पुन्हा डावीकडे, आणखी एकदा डावीकडे, आणि कोपऱ्यातून बाहेर आली.