लॅम्प्समधील शेजाऱ्यांची यादी

अणूंच्या हालचालींचे अनुरूपण करण्यासाठी मी वापरतो ते लॅम्प्स हे सॉफ्टवेअर अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत घडले. स्टीव्ह प्लिम्प्टन आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ते आधी फोर्ट्रानमध्ये लिहिले. २००४ मध्ये सी प्लस प्लसमधील नवी आवृत्ती जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली सर्वांसाठी खुली झाली.

त्याच्या वेगामागे शेजाऱ्यांच्या यादीचा मोठा वाटा आहे. प्रत्येक अणूचे इतर प्रत्येक अणूशी असलेले अंतर मोजू गेले, तर अणू दुप्पट होताच काम चौपट होते. म्हणून लेनर्ड-जोन्स विभवात (दोन अणूंमधील आकर्षण-प्रतिकर्षणाच्या सोप्या सूत्रात) सहसा २.५ सिग्मापलीकडची (सिग्मा म्हणजे साधारण अणूचा व्यास) बले सोडून देतात आणि त्या मर्यादेबाहेर थोडा राखीव पट्टा धरून, जो लॅम्प्समध्ये मुळात ०.३ सिग्मा असतो, प्रत्येक अणूचे शेजारी नोंदवून ठेवतात. या पट्ट्यामुळेच यादी दर पावलाला नव्याने करावी लागत नाही. पट्टा रुंद केला तर यादी अधिक काळ टिकते, पण तपासायच्या जोड्याही वाढतात. हा तोल ज्याने त्याने आपापल्या प्रणालीवर मोजूनच ठरवावा.

कालपायरी, म्हणजे गणनाच्या एका पावलातला काळ, फार मोठी घेतली, की अणू एकमेकांत घुसतात, प्रचंड बलाने भिरकावले जातात आणि ‘अणू हरवले’ असा संदेश येऊन गणन थांबते. हरवलेल्या अणूंकडे दुर्लक्ष करण्याची आज्ञाही लॅम्प्समध्ये आहे, आणि ती सुचवणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र आधी ऊर्जा न्यूनतम करून मूळ रचनेतले घुसलेले अणू सोडवणे आणि मग कालपायरी लहान करून पाहणे अधिक सयुक्तिक वाटते.