तुम्ही विचारलंत म्हणून: आधी डोंगर की आधी दगड?

पंचवटीतल्या माझ्या वर्गाला मुलांना सोडायला येणारे आईबाबा हमखास विचारतात, "सर, निसर्गचित्र कधी सुरू करणार?" पहिले दोन महिने मुलं दगडच काढत बसलेली दिसतात ना!

हे खूळ माझं नाही. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी १८५७ साली नवशिक्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात हेच आहे. आधी चौकोन आखून तो पेनाच्या रेघांनी एकसारखा भरा, मग कुठलाही गोलसर दगड उचला. तो जमला तर पुढचं सगळं जमेल. (त्याच साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. योगायोगच, पण मला आवडतो.) दगड फार काळा नको, असंही ते सांगतात. गोदाकाठचा आमचा दगड काळा, पण धुऊन वाळवला की छान करडा होतो.

तो खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर ठेवायचा. मुलं आधी गच्च काळी कड मारतात. मी म्हणतो, "ही रेघ दगडावर दाखव बरं." बोट फिरतं, रेघ सापडत नाही. उलट तळाशी, जिथं मिट्ट काळोख हवा, तिथं कागदाचा उजेड वर चढलेला असतो. हे एकदा दिसलं की अंजनेरी डोंगराचा कडा वेगळा शिकवावा लागत नाही.

ब्रिटिश चित्रकार अलेक्झांडर कोझेन्स यांची १७८५च्या सुमाराची रीत अगदी उलटी. कागद चुरगाळा, सरळ करा, शाईचे डाग पाडा, त्यावर पारदर्शक कागद ठेवून डागांतून डोंगर-झाडं शोधा. मुलं यावर खूश! पुरात गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, घाट बंद झाला की मीही हेच करून घेतो. पण सुरुवात यानं केली तर प्रत्येक डागातून तोच त्रिकोणी डोंगर निघतो. पाहिलेलं दुसरं काही गाठीशी नसतंच. आमच्या शाळेत तर तो फळ्यावरूनच उतरवायचा, मधे अर्धा सूर्य. मी एकदा ढगाळ दिवस काढला, तर सूर्य नाही म्हणून दोन मार्क गेले.

तर, निसर्गचित्र दिवाळीनंतर, नारोशंकराच्या देवळासमोर. मागच्या वर्षी एका मुलीनं सकाळभर बसून घाटाच्या तीनच पायऱ्या काढल्या. "अगं, देऊळ राहिलं की!" वडील म्हणाले. राहिलं खरं. पण खालची पायरी ओली होती, हे चित्रात कळत होतं.