मध्यवर्ती कार्यालयातून: एका आठवड्याच्या नोंदी

सोमवार

शाखांचे तिमाही अहवाल येऊ लागले आहेत. माजी सैनिकांच्या आमच्या संस्थेत हा अहवाल दोन पानांचा असतो. पहिल्या पानावर जमाखर्च, सभासदसंख्या आणि झालेले कार्यक्रम, दुसऱ्यावर मदतीची प्रकरणे. पहिले पान सगळ्या शाखा नेटाने भरतात. दुसऱ्या पानावर ‘निरंक’ असा शेरा मारून सही करणाऱ्या काही शाखा मात्र दर वेळी निघतातच, आणि कोणाला मदत लागली नाही म्हणजे सगळे आलबेल आहे, असे मानून कार्यकारिणीतली काही मंडळी समाधानही व्यक्त करतात. मला निरंक पान दिसले की धास्ती वाटते. ज्या शाखेचे निम्मे सभासद सत्तरी ओलांडलेले आहेत, तिथे तीन महिन्यांत कोणाचे निवृत्तिवेतन अडले नाही, कोणी पडून अंथरुणाला खिळले नाही, कोणाच्या पश्चात पत्नी कागदपत्रांच्या ढिगापुढे एकटी बसली नाही, असे होत नसते.

अशाच एका शाखेच्या चिटणिसांना आज फोन केला. प्रकरण असे काही नाही, असे ते आधी म्हणाले. मग इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर बोलता बोलता निघाले, की तोफखान्यात उमेदीची वर्षे घालवलेले एक ज्येष्ठ सभासद बरेच दिवस सभेला येत नाहीत. घरी जाऊन आलात का, असे विचारले, तर म्हणाले, “गेलो होतो ना. तब्येत ठणठणीत आहे. फक्त म्हणतात, तुमच्या त्या हॉलमध्ये मला धड काही ऐकू येत नाही, नुसता कल्ला ऐकायला कशाला येऊ?” तोफांशेजारी वर्षे काढलेल्या माणसाचे कान जाणे, कानात सतत गुणगुण राहणे, ही सैनिकी सेवेतून मागे राहणारी अगदी नेहमीची दुखणी आहेत, अमेरिकेत माजी सैनिकांना ज्या व्याधींसाठी भरपाई मिळते, त्यांच्या यादीत कानातली गुणगुण सर्वांत वरच्या स्थानी असते आणि ऐकू न येणेही आघाडीच्या व्याधींत असते. म्हणजे चिटणिसांच्या त्या ‘काही नाही’मध्ये एक श्रवणयंत्र, एक भरपाईचा दावा आणि हळूहळू घरात कोंडला जाणारा एक माणूस, एवढे सगळे होते.

चिटणिसांना बोल लावण्यात अर्थ नाही. प्रकरण म्हणजे अर्ज, आणि अर्ज म्हणजे अर्जदाराने स्वतः येऊन केलेली मागणी, ही व्याख्या छापील नमुन्यातूनच त्यांच्या मनात रुजली आहे. सैनिक मात्र मागत नाही. “माझ्यापेक्षा गरजू कोणी असेल, त्याला द्या,” हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकले आहे, की ते शिस्तीबरोबरच शिकवले जात असावे अशी मला शंका येते. तेव्हा शाखेने अर्जाची वाट पाहायची नसते, कोण येईनासे झाले आहे ते पाहायचे असते. आणि हे पाहणे मध्यवर्ती कार्यालयाला कितीही कर्मचारी नेमले तरी जमणार नाही, कारण कोण कुठल्या खुर्चीवर बसायचा हे आम्हाला ठाऊक नसते.

मंगळवार

नव्या शाखा-पदाधिकाऱ्यांपुढे बोलायचे आहे, त्याची टिपणे काढली. संस्थांचा इतिहास सांगताना तो नेहमी वरून खाली सांगितला जातो: अमुक साली अमक्यांनी संस्था स्थापन केली आणि मग तिच्या शाखा निघाल्या. प्रत्यक्षात पुष्कळदा उलट घडलेले असते. १९२१ साली ब्रिटनमध्ये माजी सैनिकांची ब्रिटिश लीजन ही संस्था स्थापन झाली, ती चार संघटनांच्या विलीनीकरणातून. त्यांतली एक मजूर चळवळीच्या जवळची, दुसरी उदारमतवाद्यांच्या आधाराने उभी राहिलेली, तिसरी या दोघींना शह द्यायला हुजूरपक्षीय मंडळींनी पुढे आणलेली, आणि चौथी फक्त अधिकाऱ्यांची होती. पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती फील्ड मार्शल हेग अध्यक्ष झाले खरे, पण एकत्र आली ती गावोगावची आधीच जमलेली माणसे, आपापल्या जुन्या निष्ठा आणि जुनी भांडणे घेऊन. आमच्याही काही शाखा संस्थेपेक्षा वयाने मोठ्या आहेत, आणि बैठकीत त्या हे विसरू देत नाहीत.

निधीचा विषय आला की हा ताण हमखास वर येतो. एक ठरलेला दिवस, छातीवर लावायची एखादी लहानशी खूण आणि डबा घेऊन उभे राहणारे असंख्य हात, ही माजी सैनिकांसाठी पैसा उभा करण्याची रीत फार सशक्त ठरली आहे. ब्रिटनमध्ये १९२१ पासून कागदी-कापडी पॉपीची फुले विकली जातात, आणि पुढच्याच वर्षी मेजर हाउसन यांनी ती फुले बनवण्याचे काम युद्धात अपंग झालेल्या सैनिकांच्याच हाती देणारा कारखाना काढला. भारतात १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो, तोही याच धर्तीवर. कल्पना कुठेही सुचलेली असो, रस्त्यावर उभे राहतात ते शाखेचे सभासद. म्हणून “डबे आम्ही हलवायचे आणि पैसा तुमच्या खात्यात जायचा” ही तक्रार ऐकली की मला राग येत नाही.

नियमाच्या बाजूने उत्तर सोपे आहे. शाखेला कायद्याने वेगळे अस्तित्व नाही. तिच्या पेटीतल्या शेवटच्या नाण्यासाठीही विश्वस्तच जबाबदार असतात, आणि दात्याने एखाद्या कारणासाठी दिलेला पैसा दुसऱ्या कारणाला वळवण्याचा अधिकार शाखेलाही नाही आणि आम्हालाही नाही. पण हे उत्तर ऐकून कोणी पुढच्या वर्षी डबा घेऊन उभे राहत नाही. त्या पैशातून कुठल्या प्रकारची किती कामे झाली, त्यांपैकी तुमच्या भागात कोणती, हे नावे न सांगताही शाखेला दर वर्षी कळवता येते. ते कळवणे हा उपकार नव्हे, ते देणे आहे. भाषणात हे याच शब्दांत बोलायचे ठरवले आहे. अध्यक्षांना आवडणार नाही.

बुधवार

एका शाखेच्या कोषाध्यक्षांनी प्रकृतीच्या कारणाने पद सोडले, आणि त्यांच्या घरून तीन पिशव्या आल्या. हाताने लिहिलेली कीर्द इतकी सुवाच्य, की छापावी. प्रत्येक पानाखाली लाल शाईत बेरीज, पावत्या टाचणीने त्या त्या पानाला लावलेल्या, आणि बँकेच्या खात्यावर सहीचा अधिकार मात्र दोघांनाच, ज्यांतले दुसरे गृहस्थ हयात नाहीत. हिशोबात एका पैशाचा फरक नाही, तरी शाखेला स्वतःच्याच खात्यातून पैसे काढता येईनात. सही करणारे तिघे असावेत, त्यांपैकी कोणत्याही दोघांची सही पुरावी, आणि दर वार्षिक सभेनंतर यादी तपासून बँकेला कळवावी, असे आमच्या नियमावलीत आहे. नियमावली त्याच पिशवीत, प्लास्टिकच्या वेष्टणासकट मिळाली.

अशा वेळी परिपत्रक काढण्याचा मोह होतो. काढले नाही. कार्यालयातल्या मुलीला दोन दिवस त्या शाखेत पाठवले आहे; ती नव्या कोषाध्यक्षांसोबत बँकेत बसेल आणि काम संपवूनच परत येईल.

गुरुवार

घरभेटी करणाऱ्या सभासदांचे प्रशिक्षण होते. पहिला अर्धा दिवस साध्या गोष्टींत गेला: भेटीला दोघांनी जावे, रोख रक्कम हातात देऊ नये, वस्तू किंवा बिल असेल तर पैसे थेट दुकानदाराला किंवा घरमालकाला द्यावेत, आणि ज्याच्या घरी गेलो त्याचे नाव शाखेच्या इतिवृत्तात कधीही लिहू नये. या शेवटच्या मुद्द्यावर बरीच कुरकुर झाली. “आपल्याच माणसांपासून काय लपवायचे?” असे एकाने विचारले. त्यावर मागच्या रांगेतला एक तरुण सभासद शांतपणे म्हणाला, “मी तीन वर्षे शाखेत आलो नाही, ते याच कारणासाठी.” त्यानंतर कोणी काही विचारले नाही.

दुपारचा विषय मनाच्या जखमांचा. १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानसूचीत आघातोत्तर ताणविकाराचे नाव पहिल्यांदा आले. त्याआधी हीच माणसे होती, पण त्यांना भित्री, व्यसनी किंवा तापट म्हणून बाजूला टाकले जात होते. शाखेतल्या माणसाने समुपदेशक व्हावे अशी आमची अपेक्षा नाही, आणि त्याने तसा प्रयत्नही करू नये. त्याने ऐकावे, ‘आमच्या वेळी याहून वाईट होते’ हे वाक्य गिळावे, आणि पुढे कोणाकडे न्यायचे ते क्रमांक खिशात ठेवावेत. जीव द्यावासा वाटतो का, असे सरळ विचारल्याने समोरच्याच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही समजूत फार पक्की आहे आणि ती चुकीची आहे. अभ्यासांतून असे दिसले आहे की सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. हे विचारण्याचा सराव सगळ्यांनी जोड्या करून केला. लढाया पाहिलेली माणसे तो एक प्रश्न उच्चारताना अडखळत होती. शेवटी त्यांना तो प्रश्न कागदावर लिहून घ्यायला लावला आणि वाचूनच विचारा, असे सांगितले. वाचून विचारलेला प्रश्न न विचारलेल्या प्रश्नापेक्षा बरा.

शुक्रवार

एका छोट्या शाखेला भेट. दारात स्वागताला उभ्या असलेल्या गृहस्थांनी मोठ्या अदबीने विचारले, “आपले यजमान कोणत्या पलटणीत होते?” मी माझी स्वतःची पलटण सांगितली. ते ओशाळले, मीही विषय वाढवला नाही. पण सेवेतून बाहेर पडलेल्या तरुण स्त्रिया शाखेत का फिरकत नाहीत, याचे निम्मे उत्तर त्या दारातच मिळते. उरलेले निम्मे सभेच्या वेळेत आहे. नोकरी आणि लहान मुले सांभाळणाऱ्या कोणालाही, पुरुष असो वा स्त्री, महिन्याच्या ठरलेल्या संध्याकाळी दोन तास इतिवृत्ताचे वाचन ऐकणे परवडत नाही.

ही शाखा बंद करायची आहे, असे तिच्या सभासदांचेच म्हणणे आहे. पदे घ्यायला कोणी उरलेले नाही. त्यांची अडचण दोनच गोष्टींची होती: निशाणाचे काय करायचे, आणि ठेवीत असलेल्या पैशाचे काय. निशाण शेजारच्या शाखेकडे सन्मानाने सोपवता येईल, यावर पाच मिनिटांत एकमत झाले. पैशावर तासभर गेला, आणि जाणे योग्यच होते. तो पैसा मध्यवर्ती निधीत विरघळून जावा हे त्यांना मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे मला समजते. मी त्यांना सुचवले, की शाखेचे दप्तर बंद झाले तरी महिन्यातून एकदा भेटणे बंद करण्याचे कारण नाही. पदाधिकारी नकोत, अहवाल नको, हिशोब नको; शेजारच्या शाखेतला एकजण येऊन बसेल आणि कोणाला काही हवे आहे का ते पाहील. त्यांच्या चेहऱ्यावर आलेली सुटका पाहून वाटले, ही माणसे एकमेकांना नव्हे, आमच्या नमुन्यांना कंटाळली आहेत.

शनिवार

कार्यकारिणीची बैठक. तिमाही अहवालाचे दुसरे पान बदलण्याचा ठराव मांडला: प्रकरणांच्या तक्त्याच्या जागी फक्त दोन प्रश्न, ‘या तिमाहीत कोण येईनासे झाले?’ आणि ‘त्यांच्या घरी कोण जाऊन आले?’ उत्तरात नावे नकोत, सभासद क्रमांक पुरेत. लेखापरीक्षकांनी आकडेवारी बिघडेल असा आक्षेप घेतला, तो नोंदवला गेला, आणि ठराव थोड्या मताधिक्याने मंजूर झाला.

बंद होणाऱ्या शाखेच्या ठेवीबाबत मात्र निर्णय लांबणीवर पडला. ती रक्कम काही वर्षे त्याच भागातल्या सभासदांसाठी राखून ठेवावी, अशी माझी शिफारस आहे. कोषाध्यक्षांच्या मते असा पायंडा पडला तर प्रत्येक शाखा आपापली थैली वेगळी मागेल. त्यांची भीती अगदीच निराधार नाही. सोमवारी वकिलांचे मत मागवायचे आहे, आणि त्याआधी शाखेच्या मूळ पावत्या काढून त्यांतला किती पैसा दात्यांनीच त्या भागासाठी म्हणून दिला होता, हे पाहावे लागेल. तो आकडा मोठा निघाला, तर वादच मिटेल.