पिवळ्या पिशवीतून परत आलेली वार

मे 2021, दुसरी लाट. मी पॅथॉलॉजिस्ट. लॅबमध्ये बायोप्सी जवळजवळ बंद होत्या, डी-डायमरच्या (रक्तात गुठळ्या होतायत का ते बघणाऱ्या तपासणीच्या) नळ्या मात्र ढिगाने यायच्या. अशात गायनॅकच्या मॅडमचा फोन आला. "एकतीस आठवड्यांची होती. बाळ पोटातच गेलं. वार बघाल का?" वार म्हणजे प्लॅसेंटा, पोटात बाळाला पोसणारा अवयव. एरवी ती थेट पिवळ्या पिशवीत, म्हणजे दवाखान्याच्या जैविक कचऱ्यात जाते. हीसुद्धा गेलीच होती, लेबर रूमच्या मावशींनी ती परत काढून फॉर्मॅलिनमध्ये (अवयव टिकवणाऱ्या द्रावणात) टाकली.

बाईला दहा दिवसांपूर्वी ताप आलेला, आरटीपीसीआर पॉझिटिव्ह. ऑक्सिजन एकदाही 96 च्या खाली गेला नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि घरचे निर्धास्त झाले. मग बाळाची हालचाल मंदावली. लस घेतलेली नव्हती. घेणार कशी? गर्भवतींना परवानगी मिळाली ती 2 जुलैला.

दुसऱ्या दिवशी वार ग्रॉसिंगला, म्हणजे कापून नुसत्या डोळ्यांनी बघायला घेतली. निरोगी वारेचे काप कलेजीसारखे लाल, मऊ, दाबले की रक्त सुटतं. ही सुरीला रबरासारखी लागली आणि आतून खरवसासारखी फिकट निघाली. (पॅथॉलॉजीवाल्यांना खाण्याच्याच उपमा सुचतात, इलाज नाही.) लाल भाग जेमतेम बेटांएवढा उरला होता.

स्लाइड पाहिल्यावर उलगडा झाला. वारेतल्या बारीक फांद्या आईच्या रक्तात बुडालेल्या असतात, तिथूनच बाळाला ऑक्सिजन मिळतो. इथे फांद्यांवरचा पेशींचा थर मेला होता, मधल्या जागेत आईच्या पांढऱ्या पेशी दाटल्या होत्या आणि सगळ्यावर फायब्रिन, म्हणजे रक्ताच्या गुठळीतलं चिवट प्रथिन, थिजलेलं. रक्त फिरायला वाटच नव्हती. रुबेला किंवा झिका वार ओलांडून बाळाच्या अवयवांपर्यंत पोचतात. इथे विषाणूने वारच बंद पाडली होती. बाळाचा स्वॅब निगेटिव्ह होता.

असं क्वचितच होतं. कोविड झालेल्या बहुतेक गर्भवतींची बाळं सुखरूप जन्मली. पण 2022 मध्ये बारा देशांतल्या अशा 68 मृत बाळांचा अभ्यास छापून आला, त्यांच्या वारेचा सरासरी तीन चतुर्थांशाहून जास्त भाग निकामी झाला होता. वाचताना मला तेच फिकट काप दिसत होते.

रिपोर्ट न्यायला नवरा आला. पंचविशीतला मुलगा, मास्क हनुवटीवर. मी समजावलं, तो मान हलवत राहिला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, आई म्हणते, हिने तापाच्या गोळ्या खाल्ल्या म्हणून झालं. गोळ्यांनी नाही ना?"

"नाही."

"तेवढं लिहून द्याल का?"

हिस्टोपॅथॉलॉजीच्या रिपोर्टात असलं काही लिहायची पद्धत नाही. मी रिपोर्टच्या खाली पेनाने मराठीत लिहिलं, 'पॅरासिटामॉलचा याच्याशी संबंध नाही', सही केली आणि शिक्का मारला. इंग्रजीतली दोन पानं त्याने पिशवीत टाकली नाहीत. ती ओळ वर येईल अशी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.